शतावरी कधी काढायची? घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, डॉक्टर बागकामावर कधीपासून लिहायला लागल्या? पण गेल्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात हा प्रश्न इतक्या वेळा आला की एकदा नीट लिहूनच टाकावं असं ठरवलं. प्रश्न साधा आहे: "मॅडम, घरी शतावरी लावली आहे. आता काढू का?"

चांदूर रेल्वेत सांदवाडी असलेली घरं अजून बरीच आहेत. कोपऱ्यात कढीपत्ता, शेवगा, गवती चहा असतोच. आता त्यात शतावरीची भर पडली आहे. कुणी फोनवर व्हिडिओ पाहून लावली, कुणी मेळघाटातून येताना रोप आणलं, कुणी ऑनलाइन 'ॲस्परॅगस'चं बियाणं मागवलं. लावली हे चांगलंच केलं. अडचण काढताना होते.

म्हणून माझं मत आधीच सांगते. शतावरीचा कोंब काढायला उशीर करू नका, आणि मूळ काढायची घाई करू नका. मुळाच्या बाबतीत तर पहिलं वर्षभर रोपाकडे नुसतं पहा, कुदळ लावू नका. असं का, ते पुढे सांगते.

एका आजींची पिशवी

मागच्या हिवाळ्यात एक आजी नातीला घेऊन आल्या. नात पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ नऊ दिवसांचं. आजी काळजीत होत्या.

"पोरीले दूधच नाई येऊन राह्यलं बाई. चार दिवसांपासून शतावरीचा काढा देऊन राह्यली. घरचीच हाय."

बाळाचं वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षा बरंच कमी भरलं. लघवी दिवसातून दोन-तीनदाच होत होती. बाळ सुस्त होतं, अंगावर ओढत होतं पण लगेच झोपत होतं. मी आधी आईला पाजायला सांगितलं आणि शेजारी बसून पाहिलं. बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्राचं टोक जात होतं, त्यामुळे दूध ओढलंच जात नव्हतं. आईला वेदना होत होत्या म्हणून ती लवकर सोडवत होती. आणि "दूध नाही" म्हणून घरचे मधे मधे साखरपाणी देत होते, त्यामुळे बाळाची भूकही मरत होती.

बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, कावीळ पाहिली, आईला पाजण्याची पद्धत शिकवली, साखरपाणी बंद झालं. आठवड्याभरात वजन चढायला लागलं. दूध आईला होतंच, ते बाळापर्यंत पोचत नव्हतं.

दुसऱ्या भेटीला मी आजींना म्हटलं, ती शतावरी जरा आणून दाखवा. त्यांनी पिशवीतून एक फांदी आणि मुळांचा झुबका काढला. फांदी पिसासारखी मऊ, नाजूक, आडवी पसरलेली. हार-गुच्छांत फुलांच्या मागे लावतात ना, तीच. शतावरीच्या कुळातलीच, पण शोभेची. मुळं म्हणजे बारीक दोऱ्या.

"नर्सरीवाल्यानं शतावरीच म्हनून देल्ली होती बाई," आजी म्हणाल्या. "सा महिने झाले लावून."

आजींचा हेतू वाईट नव्हता. पण रोप चुकीचं होतं, सहाच महिन्यांचं होतं, आणि ज्या दुखण्यावर ते दिलं ते दुखणंही वेगळंच होतं. यात बाळाचे चार दिवस गेले. नऊ दिवसांच्या बाळासाठी चार दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो.

आधी ओळख पटवा

औषधी शतावरी म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस. मेळघाटाच्या आणि सातपुड्याच्या जंगलात ती आपोआप उगवते. तिची लक्षणं अशी:

१. वेल काष्ठमय, आधाराने वर चढणारा. खोडावर मागे वळलेले काटे असतात. हात घातला की ओरखडा निघतोच.

२. पानं म्हणून जे दिसतं ते बारीक सुयांसारखं, झुबक्या-झुबक्याने येतं.

३. फुलं पांढरी, अगदी लहान, सुवासिक. नंतर वाटाण्याएवढी गोल फळं येतात, ती पिकली की लाल होतात.

४. जमिनीखाली एकाच गड्ड्यापासून निघालेली, बोटासारखी लांबट, पांढुरकी, रसदार मुळं पुष्कळ संख्येने असतात. म्हणूनच तिला शतमुळी असंही नाव आहे.

शोभेची जात चुकून लावली तर बहुधा पैसे आणि वेळ जातो. खरी भीती दुसऱ्या एका वनस्पतीची आहे, तिचं नाव कळलावी. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात, तीच ही. पहिल्या पावसानंतर तिचेही कोंब जमिनीतून वर येतात, तिचाही वेल चढतो, तिलाही जमिनीखाली कंद असतो. जुन्या वर्गीकरणात ही आणि शतावरी एकाच कुळात धरत. पण कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन नावाचं विष असतं. थोडा कंदही जीव घेऊ शकतो.

फरक असा ओळखा. कळलावीचं पान रुंद असतं आणि त्याच्या टोकाला आकडीसारखा वळसा असतो, त्यानेच ती आधार पकडते. तिला काटे नसतात. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. शतावरीसारखा मुळांचा झुबका तिला नसतो.

कुणी असा कंद खाल्ला असेल तर दोन ते सहा तासांत घशात आग, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. एखाद्या दिवसाने बरं वाटल्यासारखं होऊ शकतं, पण त्याच वेळी आत मूत्रपिंड आणि रक्त तयार करणारी मज्जा बिघडत असते. म्हणून वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात न्या, आणि खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा सोबत ठेवा.

आता लक्षात आलं असेल, मी "पहिलं वर्षभर नुसतं पहा" का म्हणते. नुसत्या कोंबावरून किंवा सुकलेल्या तुकड्यावरून ओळख पटवणं जाणकारालाही जड जातं. पण एक पूर्ण पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा तुम्ही ते रोप पाहिलं, त्याचे काटे, फुलं, फळं पाहिली, की चूक होण्याची शक्यता फारच कमी राहते. फूल पाहिल्याशिवाय मूळ काढायचं नाही, हा घरातला नियमच करून टाका.

आणि घरात लहान मुलं असतील तर ती लाल फळं वेळीच तोडून टाका. शतावरीच्या कुळातली फळं पोटात गेली तर उलट्या, पोटदुखी होऊ शकते.

कोंब कधी काढायचा?

मेथी-पालक आपण कोवळी असतानाच काढतो. भेंडी घेताना बाजारात प्रत्येक बाई टोक मोडून पाहते. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. शतावरीच्या कोंबाची परीक्षा हीच आहे.

आपल्या रानशतावरीचे कोवळे कोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतात. त्यांची भाजी ही जुनी रानभाजी आहे. कोंब वीतभर व्हायच्या आत, त्याचा शेंडा बंद असताना, काटे कडक व्हायच्या आधी हाताने मोडून घ्यायचा. जिथे सहज मोडेल तिथपर्यंतचा भाग खाण्याचा, त्याखालचा राहू द्यायचा. दोन दिवस उशीर झाला की तो तंतुमय होतो आणि खाल्ला तरी तोंडात चोथाच उरतो. इथे मात्र घाई करायची.

पण पहिल्या वर्षी वेल कळलावीचा की शतावरीचा हे ठरलेलं नसतं, म्हणून त्या वर्षी कोंबही खाऊ नका. ओळख पटली की पुढच्या पावसाळ्यापासून खुशाल खा, आणि तेही सगळे नाही. दर वेलाला निम्मे कोंब राखा.

परदेशी भाजीचा ॲस्परॅगस हा याच कुळातला भाऊबंद, ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. बियाणं लावून पहिली दोन वर्षं त्याचा कोंब काढायचाच नसतो. तिसऱ्या वर्षी दोन-तीन आठवडे काढायचा, आणि त्यानंतर दरवर्षी सहा ते आठ आठवडे. कोंब १५ ते २० सेंटिमीटर उंच, शेंडा घट्ट मिटलेला, असा असताना तोडायचा. आपल्या उन्हात एक गोष्ट वेगळी होते. गरमी वाढली की शेंडा कमी उंचीवरच उलगडायला लागतो. त्यामुळे चांदूरसारख्या ठिकाणी उंचीपेक्षा शेंड्याकडे लक्ष द्या आणि सकाळीच तोडा.

थांबायचं कधी, हे जर्मनीतल्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. तिथे पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम सणासारखा असतो, आणि परंपरेने २४ जूनला तोडणी थांबवतात. बाजारात भाव असला तरी थांबवतात. कारण त्यानंतर येणारे कोंब वाढू दिले, त्यांना हिरवा पिसारा फुटू दिला, तरच जमिनीखालच्या गड्ड्यात पुढच्या वर्षीचं अन्न साठतं. आपल्याकडे तारीख वेगळी असेल, पण खूण सोपी आहे. निघणारे कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक यायला लागले की झाड दमलं आहे असं समजा आणि तोडणी थांबवा.

खाण्याच्या दृष्टीने ही भाजी उत्तम. उष्मांक कमी, तंतू भरपूर, फोलेट चांगलं. खाल्ल्यावर काहींच्या लघवीला उग्र वास येतो, त्याने घाबरू नका. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर मात्र अशी भाजी एकदम जास्त खाऊ नका, कारण तिच्यातलं जीवनसत्त्व 'के' गोळीचा परिणाम कमी करतं.

मूळ कधी काढायचं?

मूळ म्हणजे झाडाची बचत आहे. सहा महिन्यांत बचत होत नाही. शतावरीची मुळं काढण्याजोगी व्हायला किमान दीड ते दोन वर्षं लागतात, तीन वर्षांनी ती आणखी भरतात.

महिना कोणता? हिवाळा. पाऊस संपला, वेलाचा वाढीचा जोर ओसरला, पानं पिवळसर पडायला लागली की मुळात साठा भरलेला असतो. पावसाळ्यात काढू नका, आणि याचं कारण आरोग्याचं आहे. ओल्या हवेत ही रसदार मुळं नीट वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते. बुरशी आलेलं मूळ धुऊन, कुटून, डब्यात भरलं तरी ते खराबच राहतं. वरून पांढरी पूड दिसते म्हणून आपण फसतो.

काढायची रीत अशी:

- आदल्या दिवशी पाणी द्या. आपली काळी माती कोरडी असली की दगडासारखी होते आणि मुळं तुटतात.
- एका बाजूने खणा. त्या बाजूची निम्मी मुळंच घ्या. मधला गड्डा आणि उरलेली मुळं पुन्हा मातीने झाका. वेल जगतो.
- मुळं स्वच्छ धुवा, थोडी उकळून घ्या, वरची साल सोलून टाका आणि मधली दोरीसारखी शीर ओढून काढा.
- तुकडे करून पूर्ण कडकडीत वाळवा. वाकवल्यावर मोडले पाहिजेत. पिशवीभर ओल्या मुळांचे वाळल्यावर मूठभरच होतात, हेही लक्षात असू द्या.

नवीन लावत असाल तर काळ्या मातीत सपाट जागी लावू नका. पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं सडतात. उंच वरंबा करून त्यात रेती आणि शेणखत मिसळा.

आणि दुधाचं काय?

बहुतेक घरांत शतावरी यासाठीच लावलेली असते, म्हणून स्पष्ट लिहिते. शतावरीने दूध वाढतं का? १९९६ मध्ये इंडियन पेडियाट्रिक्स या आपल्याच नियतकालिकात एक तुलनात्मक अभ्यास आला होता, त्यात शतावरीचा फायदा दिसला नाही. २०११ मध्ये ६० मातांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं दिसलं. म्हणजे दोन अभ्यासांची उत्तरं वेगवेगळी. दोन्ही लहान. यावरून शतावरी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, आणि ती हमखास उपाय आहे असंही म्हणणार नाही.

ज्याबद्दल शंका नाही ते हे: बाळ जितकं नीट आणि जितक्या वेळा ओढेल तितकं दूध तयार होतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाणं, आणि सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी, साखरपाणी, मध काहीही न देणं. दूध पुरतंय की नाही हे स्तन दाबून कळत नाही, ते बाळाकडे पाहून कळतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का? दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं का? उत्तर "नाही" असेल, बाळ सुस्त असेल, पिवळं दिसत असेल, तर काढा उकळत बसू नका. त्याच दिवशी बाळाला दाखवा.

शतावरी घ्यायचीच असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदरपणात, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा संप्रेरकांशी संबंधित आजार असताना, मधुमेहाची गोळी किंवा लिथियम चालू असताना, किंवा ॲस्परॅगसची ॲलर्जी असताना मनाने घेऊ नका.

"पण मॅडम, घरचंच आहे ना!"

हा मुद्दा मला नेहमी ऐकवतात, आणि त्यात अर्धं खरं आहे. बाजारातल्या सुट्या चूर्णात काय कुटलं आहे हे कळत नाही. घरच्या झाडावर फवारणी नाही, ते आपल्या डोळ्यांसमोर वाढलेलं. ओळख पटलेली, दोन-तीन वर्षांची, हिवाळ्यात काढून नीट वाळवलेली घरची शतावरी सुट्या चूर्णापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

पण घरचं म्हणजे आपोआप निर्धोक नाही. कुंपणावरची कळलावीही घरचीच असते. आणि घरच्या मुळात गुण किती उतरला आहे हे वयावर, जमिनीवर, हंगामावर ठरतं, ते चमच्याने मोजता येत नाही. भाजी म्हणून खाताना याने फारसं बिघडत नाही. औषध म्हणून देताना बिघडतं, आणि ते औषध बाळंतिणीला देत असू तर जास्तच.

म्हणून माझा सल्ला असा. सांदवाडीतल्या शतावरीकडे आधी भाजी म्हणून पहा. औषधाची घाई नको.

थोडक्यात

- पहिलं वर्ष: फक्त पाहणं. काटे, फुलं, फळं सगळं पाहून ओळख पटवा.
- कोंब: दुसऱ्या वर्षापासून, पावसाच्या सुरुवातीला, कट्‌कन मोडेल तेव्हा. निम्मे राखा. परदेशी ॲस्परॅगस असेल तर तिसऱ्या वर्षापासून.
- मूळ: दोन वर्षांनंतर, हिवाळ्यात, निम्मंच.
- बाळ नीट पीत नसेल: झाडाकडे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात.

त्या आजींनी परवा पुन्हा फोन केला. नातीचं बाळ आता रांगायला लागलं आहे. या वेळी त्यांनी काट्यांची, खरी शतावरी लावली आहे. "फुल दिसल्याबिगर हात नाई लावत बाई," म्हणाल्या. तुमच्याकडेही असेल तर एवढंच करा. आणि शंका आली तर फांदी, फूल घेऊन या, आपण मिळून पाहू.

काळजी घ्या.